परड्यात मुलांना खेळायला जागा करताय? कडेला लाकूड लावण्याआधी हे वाचून घ्या

मुरगूड : आपल्या भागात घर बांधलं की मागं थोडंफार परडं सुटतंच. पूर्वी तिथं गोठा, उकिरडा, शेणीचा हुडवा असायचा. आता बऱ्याच घरांत जनावरं कमी झाली, परडं मोकळं पडलं. मग कोण चार वाफे करून मेथी-कोथिंबीर लावतं, कोण नातवंडांसाठी घसरगुंडी नाहीतर झोका आणून बसवतं. आणि मोबाईलवरचे व्हिडिओ बघून हल्ली एक नवीन हौस आली आहे. वाफ्याला आणि खेळायच्या जागेला चारी बाजूंनी लाकडी ओंडक्यांची कड करायची. दिसायला झकास दिसतं, यात वाद नाही. पण तिकडचं लाकूड वेगळं, तिकडची माती वेगळी, पाऊस तर वेगळाच. म्हणून वखारीत जाण्याआधी चार गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

व्हिडिओतलं लाकूड नेमकं कसलं?

अमेरिकेत या कामासाठी 'लँडस्केप टिंबर' नावाचं तयार लाकूड मिळतं. साधारण आठ फूट लांब, दोन बाजू सपाट आणि दोन बाजू गोलसर. प्लायवूड करताना ओंडका फिरवून त्याचा पातळ पापुद्रा काढतात, कागदाची गुंडाळी उलगडावी तसा. शेवटी मधला जो दांडा उरतो त्याचंच बहुतेक वेळा हे लाकूड करतात. ते पाइनचं, मऊ असतं. तसंच मातीत टाकलं तर वाळवी आणि बुरशी त्याचा लवकरच फडशा पाडेल. म्हणून बंद टाकीत दाब देऊन त्यात औषध मुरवतात. म्हणजे त्या लाकडाचा टिकाऊपणा औषधाचा असतो, लाकडाचा नव्हे.

आपल्याकडं वखारीत 'लँडस्केप टिंबर द्या' म्हटलं तर समोरचा बघतच राहील. आपल्याला मिळतात निलगिरीचे आणि सुरूचे वासे, बाभळीचे ओंडके, जुन्या घरांच्या उतरलेल्या तुळया, एमआयडीसीतून येणारी पाइनची पॅलेट आणि खोकी, आणि अधूनमधून कुणीतरी आणलेले रेल्वेचे जुने स्लीपर. यातलं कुठलं घ्यायचं हाच खरा प्रश्न आहे, कारण त्या कडेवर पोरं बसणार, चालणार, हात घासणार आणि तेच हात तोंडात घालणार.

रेल्वेचे स्लीपर : दिसायला भारी, पण पोरांच्या जागेत नको

जुने लाकडी स्लीपर फार्महाऊसवाल्यांचे आवडते. जाड, सरळ, काळपट, जुनेरं दिसणारे. रेल्वेनं काँक्रीटचे स्लीपर घातले तसे लाकडी निघाले आणि बाजारात आले. हे लाकूड इतकी वर्षं उन्हापावसात टिकलं ते क्रिओसोटमुळं. क्रिओसोट म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं तेल. उन्हाळ्यात स्लीपर तापला की ते अजूनही पाझरतं, हाताला चिकटतं, वास येतो. कातडीवर लागून वर ऊन बसलं तर भाजल्यासारखं होतं. त्यातले काही घटक कर्करोगाला कारण ठरणाऱ्यांत धरले जातात. युरोपीय संघानं २००१ सालच्या निर्देशानुसार मुलांच्या खेळाच्या जागेत क्रिओसोटचं लाकूड वापरायला मनाई केली. तेव्हा कुणी 'एक नंबर सागवानी स्लीपर आहे, पन्नास वर्षं काय होत नाही' म्हणून गळ्यात मारायला लागला तर तो टिकेल हे खरं, पण पोरांच्या जागेत आणि भाजीच्या वाफ्याला तो लावायचा नाही. गाडी लावायच्या जागेच्या कडेला पाहिजे तर लावा.

हिरवट लाकूड आणि डेहराडूनचा शोध

दुसरं औषध म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण, सीसीए. हे मुरवलेलं लाकूड हिरवट दिसतं. जगभर गाजलेलं हे औषध शोधलं आपल्याच माणसानं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम करणाऱ्या सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये ते तयार केलं आणि 'आस्कू' या नावानं ते बाजारात आलं. खांब, खाणीतली लाकडं, पूल यांचं आयुष्य त्यानं कितीतरी पटींनी वाढवलं, हे मान्य करायलाच पाहिजे.

पण आर्सेनिक म्हणजे सोमल. लाकडातला थोडा थोडा सोमल पृष्ठभागावर येतो, मुलांच्या हाताला लागतो, शेजारच्या मातीत उतरतो. अमेरिकेत २००३ च्या अखेरीला घरगुती कामासाठी आणि मुलांच्या खेळण्यांसाठी असं नवीन लाकूड बनवणं थांबवलं गेलं. तिकडं आता तांब्यावर आधारलेली, सोमल नसलेली औषधं वापरतात. आपल्याकडं औषध मुरवलेलं लाकूड घेताना दुकानदाराला सरळ विचारायचं : यात कुठलं औषध आहे? 'ट्रीटमेंट केलंय, काळजी करू नका' हे उत्तर नव्हे. बिलावर औषधाचं नाव लिहून देत नसेल तर ते लाकूड पोरांसाठी नाही असं समजून पुढं चालायचं.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती व्हिडिओत कुणी सांगत नाही. आपल्याकडं लाकडाचा उरलेला तुकडा कुठं जातो? बंबात नाहीतर चुलीत. सीसीएचं लाकूड जाळलं की सोमल धुरात जातो आणि राखेतही साठतो. तीच राख आपण भांड्याला घेतो, वांग्याच्या झाडावर टाकतो. म्हणून असल्या लाकडाचे तुकडे, भुसा, ढलप्या काहीही जाळायचं नाही आणि खत म्हणूनही टाकायचं नाही. क्रिओसोटच्या स्लीपरचंही तेच.

पॅलेटवरचा शिक्का बघा

कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी आणि गोकुळ शिरगावकडून पाइनची पॅलेट आणि खोकी भंगारात येतात. स्वस्त पडतात. त्यावर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात 'एचटी' अशी इंग्रजी अक्षरं असली तर लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून कीड मारलेली असते. ते चालतं. 'एमबी' असलं तर मिथाईल ब्रोमाईड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते सोडून द्या. शिक्काच नसेल, किंवा तेलाचे, रसायनाचे डाग असतील तर त्या पॅलेटवरून पूर्वी काय गेलं कुणाला ठाऊक. तेही नको. आणि एचटीचं लाकूड म्हणजे औषधाचं लाकूड नव्हे. तापवल्यानं आधीची कीड मरते, पुढं वाळवी लागायची ती लागतेच. पावसाच्या पाण्यात मातीला टेकून ते एक-दोन वर्षांचंच सोबती.

मग आपलं लाकूड?

लाकूड मातीत किती टिकतं हे आपल्या देशात रीतसर तपासलेलं आहे. वेगवेगळ्या झाडांच्या लाकडाच्या खुंट्या जमिनीत पुरून वर्षानुवर्षं बघत राहायचं, अशी ती पद्धत. सरासरी १२० महिन्यांच्या वर टिकलं तर पहिला वर्ग, ६० ते १२० महिने दुसरा, ६० महिन्यांच्या आत तिसरा. साग पहिल्या वर्गात, आंबा तिसऱ्यात. पण हा हिशोब गाभ्याच्या लाकडाचा. गाभ्याभोवतीचं फिकट, पांढरं लाकूड कुठल्याही झाडाचं असो, सागाचंसुद्धा, मातीत तग धरत नाही. म्हणून कोवळ्या सागाचे वासे घेऊन 'साग आहे' म्हणून निर्धास्त राहणं चुकीचं. त्यात गाभा असतोच किती?

निलगिरीचे वासे सगळ्यात सहज मिळतात. पण ते वाळताना उभे चिरतात, पिळतात, आणि पांढऱ्या भागाला वाळवी लगेच चढते. आमच्याच परड्यात वाफ्याला सालीसकट निलगिरी लावली होती. दुसऱ्या पावसाळ्यानंतर उचलायला गेलो तर वरची साल हातात आली आणि आत नुसती माती. तेव्हापासून साल काढल्याशिवाय आणि सावलीत चांगलं वाळवल्याशिवाय लाकूड जमिनीला टेकवायचं नाही, हे शिकलो. बाभळीचं जून लाकूड जड आणि कठीण, पूर्वी गाडीला आणि औताला उगीच वापरत नव्हते. पण ते सरळ मिळत नाही. आखूड तुकडे करून, एकाला एक लावून उभे रोवले तर त्याची कड चांगली होते.

माझ्या मते सगळ्यात चांगला माल म्हणजे जुन्या घराची उतरलेली तुळई किंवा खांब. पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं, जून, गाभ्याचं लाकूड. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कितीतरी जुनी मातीची घरं उतरवावी लागली, त्यांचं लाकूड वखारींतून फिरलं. फक्त दोन गोष्टी बघायच्या. एक, खिळे. सगळे उपसून काढा, दिसत नसले तर लोहचुंबक फिरवा. दोन, जुना ऑइलपेंट. जुन्या रंगात शिसं असतं, तो रंग सुटून पोरांच्या पोटात जाऊ शकतो. रंग लावलेलं लाकूड खेळायच्या जागेत घेऊ नका, आणि घरातच घासत तर मुळीच बसू नका.

बांबू म्हणाल तर कडेला देखणा दिसतो. पण मातीत टेकला की दोन पावसाळे. भुंगा लागू नये म्हणून जुने लोक बांबू तोडून काही आठवडे वाहत्या पाण्यात टाकायचे. त्यानं आतला पिठूळ अंश निघून जातो आणि भुंग्याला खायला उरत नाही. बांबू स्वस्तात बदलता येतो हाच त्याचा गुण.

काळं ऑइल लावू का?

हा प्रश्न हमखास येतो. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल कुंपणाच्या डांबांना लावायची आपल्याकडं पद्धत आहे. शेताच्या बांधावर कोण काय लावतो तो भाग वेगळा. पण त्या ऑइलात इंजिनच्या झिजेचे धातू आणि जळालेल्या तेलातली घातक द्रव्यं असतात. पोरांच्या जागेत नाही, भाजीच्या वाफ्याला नाही, आणि विहीर किंवा बोअर जवळ असेल तर नाहीच नाही. वाळवीचं औषध मातीत ओतणंही इथं टाळायचं, पोरं त्याच मातीत खेळणार आहेत. टोक जाळून काळं करायची जुनी रीत आहे, त्यानं थोडं निभतं. पण तो वरचा पातळ थर. भेग पडली की आत रस्ता मोकळा. कच्चं जवसाचं तेल दोन-तीन हात लावलं तर पाणी कमी शोषलं जातं, वाळवीवर मात्र त्याचा उपाय नाही. फक्त तेल पुसलेली फडकी गोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून, पसरून वाळवून मगच टाका.

टिकवण्याचं खरं औषध म्हणजे पाणी निघून जाणं. लाकूड काळ्या मातीवर थेट ठेवलं की चार महिने ओलंच राहतं. खाली चार बोटं खडीचा थर घाला, त्यावर लाकूड. कापलेल्या टोकांतून पाणी सगळ्यात जास्त शिरतं, तिथं तेलाचा जास्तीचा हात द्या.

पडलं तर लागू नये : आखाड्यापासून शिका

कड कशाला करायची, तर आतला मऊ थर बाहेर पसरू नये म्हणून. हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. मुरगूडला कुस्ती नवीन नाही. तालमीतली लाल माती पैलवान रोज उकरतात, फावड्यानं वरखाली करतात, तेव्हा कुठं ती पाठ टेकायला मऊ राहते. एक आठवडा खोरं लागलं नाही तर तीच माती फरशीसारखी होते. परड्यातलं तसंच आहे. घसरगुंडीखाली नुसती मातीची जमीन असली तर उन्हाळ्यात ती दगडासारखी, आणि तिथं पोरगं डोक्यावर पडलं तर काय होईल हे सांगायला नको.

अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या खेळमैदानांसाठीच्या मार्गदर्शिकेत याचे आकडे दिले आहेत. दबून ९ इंच उरलेली वाळू साधारण ४ फूट उंचीवरून पडलेल्याला सांभाळते. तेवढाच लाकडाच्या मल्चचा थर ७ फुटांपर्यंत. खेळण्याच्या सगळ्या बाजूंनी ६ फूट जागा मोकळी आणि मऊ हवी. झोक्याला तर जिथून तो टांगला आहे त्या उंचीच्या दुप्पट जागा पुढं आणि तेवढीच मागं. म्हणजे ७ फुटांवर टांगलेल्या झोक्याला पुढं १४ आणि मागं १४ फूट. गुंठाभर परड्यात झोका मध्ये ठेवला की बाकी काही बसत नाही, हे आधीच ध्यानात घ्या.

आता हिशोब. ३ बाय ३ फुटांची छोटी घसरगुंडी असली तरी चारी बाजूंनी ६ फूट सोडून १५ बाय १५ फुटांचा चौक लागतो. कड झाली ६० फूट. वखारीत भाव घनफुटावर असतो. ४ इंच बाय ४ इंचाचं लाकूड ९ फूट म्हणजे १ घनफूट, आणि ६ बाय ६ इंचाचं ४ फूट म्हणजे १ घनफूट. त्यामुळं ६० फुटांना चार इंची लाकूड पावणेसात घनफुटांच्या आसपास आणि सहा इंची १५ घनफूट. भरताना थर फूटभर भरायचा, तो दबून नऊ-दहा इंचांवर येतो. १५ बाय १५ बाय १ म्हणजे २२५ घनफूट, सव्वादोन ब्रास. आकडा ऐकून डोळे पांढरे होतील, पण लाकडाच्या कडेवर पैसे घालवून आत दोन इंच वाळू पसरणं म्हणजे नुसती शोभा. पैसे कमी असतील तर घसरगुंडी सोडा आणि १० बाय १० चा नुसता वाळूत खेळायचा चौक करा. त्यात चढायला काही नसलं तर अर्धा फूट थरही पुरतो, म्हणजे अर्धा ब्रास.

वाळू म्हणून क्रश सँड टाकू नका. बांधकामाला ती चांगली, पण तिचे कण कोनेदार आणि त्यात भुकटी असते, दोन पाऊस पडले की ती रस्त्यासारखी बसते. धुतलेली, गोल कणांची वाळू हवी, आणि ती पावतीचीच घ्या. सुताराकडच्या किंवा मिलच्या ढलप्या चालतात, पण त्या साध्या लाकडाच्या आहेत याची खात्री करून. बारीक भुसा मात्र नको, पावसात त्याचा चिखल होतो.

बसवायचं कसं

दोरी लावून चौक आखा. कोपरा काटकोनात आहे का बघायला एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४ फूट खूण करा, तिरकं अंतर ५ फूट भरलं की कोपरा बरोबर. जमिनीला उतार असेल तर सहा इंच खोदून सहा इंच कड वर ठेवता येते, आणि खालच्या अंगाला दोन इंची पाइप टाकून पाण्याला वाट द्यायची. पाइपच्या तोंडावर शेडनेट बांधा, वाळू वाहून जाणार नाही. जमीन सपाट आणि काळी असेल तर खड्डा करूच नका, जुलैत त्याचं डबकं होतं. तिथं लाकडाचे दोन थर एकावर एक चढवा, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका.

लाकूड नुसतं ठेवून चालत नाही. ते सरकतं, आणि वेदगंगेचं पाणी परड्यात आलं तर वाळलेलं लाकूड चक्क तरंगत शेजारच्या दारात जातं. दर चार फुटांवर लाकडात उभं भोक पाडा आणि दोन फुटांची चार सुती सळी त्यातून जमिनीत ठोका. दोन थर असतील तर सळी तीन फुटांची. सळीचं डोकं लाकडाच्या अर्धा इंच खाली गेलंच पाहिजे. वर राहिलेली सळी ही पडण्यापेक्षा वाईट. शेवटी वरच्या सगळ्या कडा रंध्यानं गोल करा आणि घासून घ्या, पायात कुसळ जाणार नाही.

भाजीच्या वाफ्याला एवढं सगळं लागत नाही. तिथं मी तर लाकूड सुचवणारच नाही. आपल्या पश्चिमेला जांभा दगड मिळतो, तो नाही तर काळा दगड किंवा तिरक्या रोवलेल्या विटा. वाळवी नाही, औषध नाही, पुन्हा पुन्हा खर्च नाही. लाकडाची खरी गरज पोरांच्या चौकालाच, कारण पळता पळता दगडाच्या धारेवर नडगी आपटणं आणि गोल केलेल्या लाकडावर आपटणं यात फरक आहे.

परवानगीचं काय

स्वतःच्या रानातलं झाड तोडून लाकूड करणार असाल तर आधी चौकशी करा. साग, आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या यादीत आहेत, मालकीची असली तरी परवानगी लागते. मुरगूड नगरपरिषद हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा लागू होतो, तिथं नगरपरिषदेत अर्ज द्यायचा. निलगिरी, सुरू, सुबाभूळ १९६४ च्या यादीत नाहीत. जंगलाबाहेर लावलेला बांबू २०१७ पासून वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येत येत नाही.

विंचू, साप आणि मांजर

लाकडाखाली पोकळी राहिली की विंचू बसतो, बेडूक बसतो आणि बेडकामागं साप येतो. घोणस आणि मण्यार आपल्याकडं काही दुर्मीळ नाहीत. म्हणून खालची खडी गच्च भरा, सांध्यांत बोट जाईल एवढी फट ठेवू नका, उरलेले ओंडके चौकाशेजारी रचून ठेवू नका आणि कडेचं गवत वाढू देऊ नका. सकाळी पोरांना सोडण्याआधी एकदा काठी फिरवा. कुणाला चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही करू नका. हालचाल न करू देता थेट सरकारी दवाखाना गाठा, सापाच्या विषावरची लस तिथंच मिळते.

दिवाळीनंतर, जमीन वाळली की, वर्षातून एकदा कडेची तपासणी करायची. पेचकस घेऊन लाकडात जमिनीलगत दाबून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर तो तुकडा बदलायला झाला. मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी आली, त्या मोडून लाकूड उचलून उन्हात टाका. आत दबलेला थर फावड्यानं उकरून भुसभुशीत करा, हे मात्र वर्षातून एकदा नव्हे, दर पंधरा दिवसांनी. आणि रोज संध्याकाळी वाळूवर ताडपत्री नाहीतर शेडनेट ओढून घ्या, नाहीतर गल्लीतली सगळी मांजरं ती जागा त्यांच्यासाठीच केली आहे असं समजतात.